ऊन धनोड्याच्या पुलापर्यंतच

उन्हाला महसूल विभाग कळतात, हे आता मान्य करायला हवं. जून महिन्यात विदर्भातलं ऊन आर्णीहून माहूरच्या दिशेने निघतं, धनोड्याला पैनगंगेच्या पुलावर येतं, अर्ध्या पुलावर थबकतं, समोर मराठवाडा लागला हे ओळखतं आणि निमूट माघारी फिरतं. पुलाच्या अलीकडे यवतमाळ जिल्हा, अमरावती विभाग, कडक उन्हाळा. पलीकडे नांदेड जिल्हा, छत्रपती संभाजीनगर विभाग, हवा आल्हाददायक. म्हणून माहूरच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात आणि आमच्या आर्णीच्या शाळा उन्हापायी बंद असतात.

गंमत वाटत असेल तर तारखा बघा. 2023 साली राज्यातल्या शाळा 15 जूनला सुरू झाल्या, विदर्भातल्या 30 जूनला. 2024 साली राज्यात 15 जून, विदर्भात 1 जुलै. 2025 साली राज्यात 16 जून, विदर्भात 23 जून. म्हणजे एका वर्षी उन्हाचा विदर्भातला मुक्काम सोळा दिवसांनी लांबला होता, पुढच्याच वर्षी तो आठवड्यावर आला. उन्हाची एवढी शिस्तबद्ध माघार कोणत्याही वेधशाळेने नोंदवलेली नाही. 2023 साली तर मान्सून कोकणात येऊन रुसून बसला होता, विदर्भात पोचायला त्याला 23 जून उजाडला. तोवर पैनगंगेच्या दोन्ही काठांवर सारखाच फुफाटा उडत होता. पण माहूरकडची घंटा 15 तारखेला वाजली. आदेश निघाला की पाऊस आला काय आणि न आला काय.

या सगळ्यात बिचारे सापडतात ते आमचे अप-डाउनवाले सर. घर आर्णीत, शाळा माहूर तालुक्यात. प्लॉट आर्णीत घेतला कारण पोरांचं शिक्षण, ट्युशन, दवाखाना. नोकरी तिकडे लागली कारण जागा तिकडे निघाली. असे सर प्रत्येक गल्लीत एक तरी असतात आणि सकाळी गाडीला किक मारताना त्यांचा चेहरा कर्जाच्या हप्त्यासारखा असतो. आमच्या गल्लीतल्या सरांच्या मॅडमही शिक्षिकाच, पण शाळा आर्णी तालुक्यात. त्यामुळे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात त्या घरात दोन ऋतू नांदतात. मॅडमना उन्हाळा लागू आहे. त्या कूलरमध्ये पाणी टाकून, वाळ्याची ताटी भिजवून, दोन्ही पोरांना दुपारी दाराबाहेर पाऊल टाकू देत नाहीत. त्याच घरातून, त्याच दारातून सर मात्र पावसाळी सत्रासाठी बाहेर पडतात, खिशात कांदा घेऊन. बदलीच्या नियमात पती-पत्नी एकत्रीकरण आहे. त्यांच्या उन्हाळ्याचं एकत्रीकरण करायचं मात्र कोणाला सुचलेलं नाही.

कोपऱ्यावरच्या चहावाल्याने परवा विचारलंच, ‘‘काहून सर, तिकडं थंडी असन ना? स्वेटर नाई घेतलं?’’ सर हसले नाहीत. चिडलेही नाहीत. त्यांनी फक्त दुपट्टा पुन्हा एकदा आवळला.

दुपट्ट्याचा मुद्दा मला फार दिवस सतावतो आहे. आर्णीपासून धनोड्यापर्यंत सरांनी तो डोक्याला, कानाला, नाकाला गुंडाळलेला असतो, फक्त डोळे दिसतात. इथपर्यंत ठीक, कारण विदर्भात ऊन आहे हे शासनमान्य आहे. पण पुलाच्या मधोमध आल्यावर हा दुपट्टा सोडायला नको का? पलीकडे ऊन नाही असं सरकार म्हणतं आणि सरकारचाच पगारी नोकर तोंड गुंडाळून मराठवाड्यात शिरतो, याला शिस्तभंग म्हणायचं की अफवा पसरवणं? बरं, समजा त्याच पुलावर सरांना भोवळ आली. तोंड आर्णीकडे करून पडले तर उष्माघात. माहूरकडे करून पडले तर अशक्तपणा, कारण तिकडे उष्मा नसतो. आडवे पडले, कमरेपासून वर विदर्भात आणि खाली मराठवाड्यात, तर पंचनामा कोणी करायचा? न्याय मागायचा तर अलीकडचा माणूस नागपूर खंडपीठाकडे जातो, पलीकडचा औरंगाबाद खंडपीठाकडे. अर्धा माणूस कुठे जातो याची घटनेत तरतूद नाही. खासदारांना निवेदन द्यावं म्हटलं तर आर्णीचा माणूस मत देतो चंद्रपूर मतदारसंघात (नकाशा उघडून अंतर बघा, मला सांगवत नाही) आणि माहूर पडतं हिंगोलीत. म्हणजे सर राहतात चंद्रपुरात, शिकवतात हिंगोलीत, घाम गाळतात पैनगंगेवर. त्यातही पाय जर मराठवाड्यात असतील तर ते नियमाप्रमाणे गार पडायला हवेत, आणि पाय गार पडलेला माणूस दिसला की आपल्याकडे पुढची तयारी सुरू होते. खाली नदीत त्या दिवसांत थेंब नसतो, असतात रेतीचे टिप्पर. त्यांना कसली आली हद्द! अलीकडून जीप दिसली की टिप्पर पलीकडे, पलीकडून दिसली की अलीकडे. विदर्भ-मराठवाडा सलोखा बघायचा असेल त्याने रात्री नदीपात्रात जावं.

आणखी एक भानगड आहे. कागदोपत्री सर आर्णीत राहतच नाहीत. मुख्यालयी राहण्याचा नियम आहे, घरभाडे भत्ता आहे, मुक्कामाचा दाखला आहे, सगळं फाईलला लागलेलं आहे. कागदोपत्री सर शाळेच्या गावात सकाळी उठतात, शेजाऱ्याला रामराम करतात आणि चालत शाळेत जातात. कागदावरच्या माणसाला ऊन लागत नसतं. त्यामुळे तक्रार करायची सोयच नाही. ‘‘पुलावर ऊन लागतं’’ असं लिहून दिलं की पहिला प्रश्न येणार, तुम्ही पुलावर करत काय होतात?

पुलाच्या मधोमधची ही रेघ मुळात कोणी मारली? निजामाने 1853 साली वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केला तेव्हा दक्षिणेची हद्द पैनगंगेवर आली. अलीकडे इंग्रजांचा कारभार, पलीकडे निजामाचा. निजामाची सत्ता 1948 साली संपली. 1956 साली दोन्ही काठ एका राज्यात आले, 1960 साली त्याच राज्याचं महाराष्ट्र झालं. माणसं एकत्र आली, सोयरिकी झाल्या, आर्णीच्या गाडीला माहूरच्या रेणुकामातेला जायला कोणाचा परवाना लागत नाही. जुन्या तहाशी इमानदार राहिलं ते एकटं ऊन. त्याला अजून वाटतं पलीकडे निजामाचा अंमल आहे.

आता चेष्टा बाजूला. विदर्भातल्या लेकरांना सुट्टी दिली यात वावगं काही नाही. द्यायलाच हवी, आणखी चार दिवस जास्त दिली तरी कोणाचं बिघडत नाही. पण पलीकडच्या तांड्यावरचं पोर काय एस्किमोचं आहे? त्याच्या शाळेवर टिनं आहेत. वर्गात पंखा आहे, पण लाईन नाही. लाईन आहे तिथे बिल थकलेलं आहे. पाण्याची टाकी उघड्या उन्हात, दुपारी नळाखाली हात धरवत नाही. ते पोर दप्तराचा पुठ्ठा काढून वारा घेतं आणि सर फळ्यावर लिहितात, ‘वर्षा ऋतू’. दोन काठांमध्ये अंतर किती? एका पुलाचं. तेवढ्यासाठी एकाने घरी सावलीत बसायचं आणि एकाने टिनाखाली भाजायचं, आणि हे ठरवणार कोण, तर ज्यांच्या खिडकीला काच आहे आणि काचेला पडदा आहे ते. बरं, बारीक मोजमाप यांना येत नाही असंही नाही! पाऊस मोजायचा असला की सरकारला महसूल मंडळ लागतं. मंडळात एका दिवसात 65 मिलिमीटर झाला तर अतिवृष्टी. 64 झाला तर शेतकऱ्याचा कापूस वाहून गेला तरी तो अतिवृष्टीच्या निकषात बसत नाही, कारण यंत्र बघा, मंडळ बघा, आकडा बघा. पैसे नाकारायचे असतात तेव्हा एका मिलिमीटरची नजर असते यांना. आणि लेकराच्या डोक्यावरचं ऊन मोजायचं तेव्हा सबंध विदर्भ एका बाजूला, उरलेला महाराष्ट्र दुसऱ्या बाजूला, कोकणातलं पोर आणि माहूरचं पोर एकाच तारखेला! पाऊस मोजायचं यंत्र जिथे बसवलं आहे तिथेच एक थर्मामीटर टांगायला किती खर्च येतो? तालुक्याच्या पाऱ्यावर तालुक्याची शाळा उघडायला कोणती घटनादुरुस्ती लागते? चाळीशीच्या वर गेलेला पारा विभागीय आयुक्तालय विचारून चढतो का?

एवढं सगळं मी ज्याला ऐकवलं तो माणूस म्हणाला, ‘‘काका, बोलून काय होते? अर्ज करा.’’ पटलं. परिपत्रक बदलणं अवघड असतं, बदली करणं त्यामानाने सोपं. तेव्हा उन्हाचीच रीतसर आंतरविभागीय बदली मागावी असं ठरवलं. जूनचा दुसरा पंधरवडा अमरावती विभागातून छत्रपती संभाजीनगर विभागात वर्ग करावा, निदान नदीकाठच्या तालुक्यांपुरता. मसुदा केला, तिकीट लावलं, कॉम्प्युटरवर बसलेल्या पोराकडे गेलो. त्याने मान वर न करता रकाने भरायला घेतले. अर्जदाराचं नाव? सूर्य. हुद्दा? कायम. सध्याचं ठिकाण? विदर्भ. मागितलेलं ठिकाण? मराठवाडा. बदलीचं कारण? तिकडेही काम करतोच आहे, फक्त नोंद नाही. पोराने सगळं टाइप केलं, एंटर मारलं, पडद्यावर लाल अक्षरं आली.

‘‘काका, अर्जदार मुख्यालयी राहते का?’’

मी म्हटलं, नाही रे बाबा. तोही अप-डाउनच करतो.