पायथ्याचे गिर्यारोहक

आमचे साडू कुठलाही चढ आधी तोंडाने चढतात. त्यांची मुलगी ओटागो विद्यापीठात शिकते, त्या निमित्ताने आम्ही सगळे न्यूझीलंडमधल्या डनीडनला गेलो. बाल्डविन स्ट्रीटच्या पायथ्याशी पोचताच साडूंनी पाय रोवले आणि तोंड उघडलं.

"लांबी जेमतेम साडेतीनशे मीटर. पण वरच्या टप्प्यात 2.86 मीटर पुढे सरकलात की एक मीटर वर! गिनीज बुकात आहे, जगातला सगळ्यात खडा रस्ता."

2019मध्ये वेल्समधल्या हार्लेक गावच्या एका रस्त्याने हा मान पळवला होता. मोजणी रस्त्याच्या मधोमध धरायला हवी, असं पटवून डनीडनकरांनी तो 2020मध्ये परत मिळवला. बांधाच्या मोजणीवरून तीन पिढ्या कोर्टात घालवलेल्या घराण्यातले साडू, हा भाग सांगताना पार खुलले.

तोवर मेव्हणी निम्म्यावर पोचली होती. "वर काँक्रीट आहे गं! डांबर असतं तर उन्हाने ओघळून खाली आलं असतं!" साडू ओरडले. तिने मागे न बघता नुसता हात हलवला.

मग एक सायकलवाला पोरगा आला. सीटवरून उठून, हँडलवर ओणवा होऊन, या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी चढू लागला. अशा चढावर सरळ रेटलं की पुढचं चाक उचलतं, हे त्याला ठाऊक होतं. तरी साडू गरजले, "वजन पुढे घे रे!" तेही मराठीत. पोरगा पडला नाही, याचं श्रेय त्यांनी जागच्या जागी घेऊन टाकलं.

इतक्यात मेव्हणीचा वरून फोन. "अहो, फोटोत इथली घरं कललेली दिसतायत!"

"घरं सरळच आहेत. तू मोबाईल रस्त्याच्या उताराला समांतर धरलायस."

एवढं बोलून ते एकदम गप्प झाले. मग माझ्या हातात स्वतःचा मोबाईल दिला, कंबरेत वाकले, एक पाय पुढे टाकला आणि म्हणाले, "जरा तिरका धरा. अजून. हां."

फोटोत मागचं घर कोसळायच्या बेतात होतं आणि साडू कडा सर करत होते. तो लगेच घरच्या ग्रुपवर गेला. पुण्याहून त्यांच्या बहिणीने काळजीने विचारलं, "दादा, गुडघ्यांचं काय?"

साडूंनी टाइप केलं, "कडेला पायऱ्या आहेत. मी वापरल्या नाहीत."