गेम अडकतोय? आधी मुंजीचं बघा

सदर मार्गदर्शन ज्यांच्या लॅपटॉपवर गेम अडकतो आणि सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली आहे, केवळ त्यांच्यासाठी आहे. ज्यांची पट्टी निळी आहे, त्यांनी वाचत थांबू नये. ‘नवीनच घेऊन टाक’ असं सुचवणाऱ्यांनी येताना पैसे आणावेत.

आधी एक नेहमीचं भांडण मिटवू. खोक्यावर २५६ जीबी लिहिलेलं असतं आणि विंडोज २३८ दाखवतं. यावरून दुकानदाराशी हुज्जत घालू नये. कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते, विंडोज १०२४ च्या. मधले १८ जीबी कुणीही खाल्लेले नसतात. उरलेल्या जागेत खुद्द विंडोज राहतं, आणि काउंटर-स्ट्राइक २ हा गेम एकटाच ८५ जीबी मागतो. सी-डॅकने १९९१ साली याच पुण्यात परम ८००० हा महासंगणक उभा केला, ही गोष्ट स्क्रीन गोठलेली असताना आठवू नये. उगाच त्रास होतो.

आता मुख्य विधी. ‘डाउनलोड्स’ उघडून फायली आकारमानानुसार लावाव्यात. वर काय येतं ते शांतपणे बघावं. ‘न्यू फोल्डर’. ‘न्यू फोल्डर (२)’. ‘महत्त्वाचे’. ‘महत्त्वाचे फायनल’. एकच सोसायटीची नोटीस चार वेळा उतरवलेली. आणि सगळ्यांच्या वर ‘मुंज कच्चे शूटिंग’, ज्यात अर्धा तास फक्त जिलबीचं ताट दिसतं, कारण कॅमेरा खाली ठेवताना काका तो बंद करायला विसरले होते.

“आई, हे मुंजीचं काढून टाकू?”

“अजिबात नाही. त्यात आत्या आहे.”

“आवाज आहे फक्त. ती जिलबी वाढ म्हणतेय.”

“मग राहू दे की. तुला काय वजन होतंय का त्याचं?”

वजन होतं. माळ्यावर जागा संपली की नवा डबा ठेवायला आधी चार डबे खाली काढावे लागतात. लॅपटॉपमधल्या एसएसडीचं, म्हणजे सी ड्राइव्ह जिच्यावर असतो तिचं, तसंच आहे. तिथे जुन्यावर थेट नवं लिहिता येत नाही, अख्खा कप्पा पुसून मगच लिहावं लागतं. रिकामे कप्पे संपले की कंट्रोलर आतल्या आत हलवाहलव करत बसतो. त्यात रॅम ८ जीबीच असेल, तर गेमला न पुरलेली मेमरी विंडोज डिस्कवरूनच भागवतं, आणि नेमकं शत्रू समोर आल्यावर चित्र थबकतं. म्हणून १५-२० टक्के जागा कायम मोकळी ठेवावी. मात्र थाप मारणार नाही: जागा रिकामी केल्याने थबकणं आणि लोडिंग सुधारतं. ग्राफिक्स चिपच अशक्त असेल, तर सगळ्या मुंजी पुसूनही ती बलवान होत नाही.

मुंज पुसायची नसेल तर हलवावी. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाऊन बाहेरची हार्ड डिस्क आणावी. गाडी लावताना सम-विषम तारखेची पाटी वाचावी, नाहीतर डिस्कपेक्षा दंडाचीच गोष्ट घरी जास्त दिवस चालते. हार्ड डिस्कवर मुंज ठेवावी आणि गेम एसएसडीवर. अनेक जण नेमकं उलट करतात, आणि मग फिरत्या तबकडीवरून गेम उघडेपर्यंत चहा होतो.

किरकोळ जागा अशी मिळते: रिसायकल बिन रिकामा करावा (त्यात टाकलेलं अजून घरातच असतं). हायबरनेट वापरत नसाल तर बंद करावं; त्याची फाइल रॅमच्या साधारण ४० टक्के जागा अडवते. मात्र त्याबरोबर फास्ट स्टार्टअपही जातं, तक्रार करू नये. मोठ्या अपडेटनंतर मागे राहिलेलं जुनं विंडोज १० दिवसांनी आपोआप निघून जातं. पुण्यातल्या घरातून कुणीही न सांगता बाहेर गेलेली मला माहीत असलेली ही एकमेव जुनी वस्तू.

लॅपटॉप गोधडीवर ठेवून खेळू नये. हवा खालून आत जाते. ती कोंडली की प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोहोचतो आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. एप्रिलमध्ये तर तो लवकरच शरण येतो. मागची बाजू उचलायला महादेवशास्त्री जोशींच्या भारतीय संस्कृतिकोशाचे १० खंड घरात असतीलच. त्यांतले कोणतेही दोन घ्यावेत, बाबा फिरायला गेलेले असताना. चार्जर लावूनच खेळावं, बॅटरीवर वेग उतरतो.

एवढं करूनही गेम ओढतच असेल, तर सेटिंग्जमध्ये रिझोल्यूशन १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० वर आणावं. चिपला निम्म्याहून कमी ठिपके रंगवावे लागतात. मग सावल्या बंद कराव्यात. त्या भरपूर खातात. मित्राने ‘तुझ्या झाडांना सावली कशी नाही रे?’ असं विचारलंच, तर तिकडे भर दुपारचे बारा वाजलेत म्हणून सांगावं आणि गोळी झाडावी.