कप बेने इस्रायल आहे

“मटण खाऊन आलास का?”

मावशींच्या दारातली बेल वाजवली की स्वागत हे असं. ‘ये’, ‘बस’, ‘आई कशी आहे’ वगैरे नंतर. आधी मटण. हो म्हणालात की पुढचा प्रश्न, “किती वाजता?” मग मावशी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघणार, ओठातल्या ओठात हिशेब करणार आणि निकाल देणार, “साडेसातला ये. तोवर काळा मिळेल.” काळा म्हणजे बिनदुधाचा चहा. मटण आणि दूध यांच्यामध्ये त्यांच्या घरात सहा तासांची संचारबंदी.

पहिल्यांदा मी हुज्जत घातली. म्हटलं, “मावशी, मी कुठं ज्यू आहे?”

“तू नसशील रे. कप आहे.”

यावर काय बोलणार? कोशरचा, म्हणजे ज्यूंच्या खाण्यापिण्याच्या शिस्तीतला, हा सहा तास थांबायचा नियम ज्यू माणसाच्या पोटाला आहे, पाहुण्याच्या नाही, आणि कपाला तर नाहीच नाही, हे पुढे मला त्यांच्याच मुलानं सांगितलं. पण त्यालाही घरात कधी सवलत मिळालेली नव्हती, त्यामुळे त्याच्या ज्ञानाचा उपयोग शून्य.

मावशींचं नाव मी लिहीत नाही. छापलंस तर बघ, अशी ताकीद आहे. आडनावाच्या शेवटी ‘कर’ आहे आणि त्याआधी अलिबागकडचं एक गाव आहे, एवढ्यावर समजून घ्या. मावशी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. हे लोक कोकणात तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. ठाण्याच्या १८७९ सालच्या सिनेगॉगला मावशी जुन्या वळणानं ‘मशीद’ म्हणतात. एका नव्या रिक्षावाल्यानं त्यांना इमानेइतबारे खऱ्याखुऱ्या मशिदीपाशी नेऊन सोडलं होतं. मावशींनी त्याच्याकडून परतीचं भाडं मागितलं.

पण खरा जाच चहाचा नव्हे, रेसिपीचा. जगात कोणी काही शिजवलं की ते दुरुस्त करणं आपल्यावर सोपवलेलं आहे, अशी मावशींची ठाम समजूत. टीव्हीवर कोणी बटर चिकन दाखवत असला की यांची फिर्याद सुरू. “बटर काढ. क्रीम काढ. दही काढ.” आता चिकनला उरलं काय? “नारळाचं दूध घाल!” बिर्याणीला मटण दह्यात मुरवायचं नाही, लिंबू आणि नारळाच्या दुधात. मटणाच्या जेवणावर खीर हवी? नारळाच्या दुधाची. पुरीमच्या सणाला पुरणपोळी होते, पण त्या दिवशी मटण केलं असेल तर तूप बाद, पोळी नारळाच्या दुधात बुडवून. एकदा मी चेष्टेनं विचारलं, “आणि चहात?” त्यांनी ते मनावर घेतलं. तो चहा मी प्यायलो. त्याविषयी बोलायची माझी इच्छा नाही.

एरवी बुधवार-गुरुवारच्या साध्या स्वयंपाकातही शिस्त लष्करी. अंडी एकदम कढईत फोडायची नाहीत. एकेक आधी वाटीत, रक्ताचा ठिपका दिसला की ते अंडं बाद. मटण अर्धा तास पाण्यात, मग मिठात चोळून तासभर उतरत्या फळीवर, म्हणजे रक्त निथळून जातं, मग तीनदा धुवायचं. मासळी घेताना कोळणीशी वाद भावावरून नाही, खवल्यांवरून. पर आणि खवले दोन्ही हवेत. तारली चालते, रावस चालतो. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या यांच्याकडे मावशी बघतसुद्धा नाहीत. माझ्या डब्यातल्या कोळंबीच्या खिचडीकडे मात्र बघत. “वास बरा आहे,” म्हणत आणि खिडकी उघडत.

ही उलटतपासणीची खोड एकट्या मावशींची नाही, समाजाची परंपरा आहे, असा माझा कयास. त्यांच्यात सांगतात की कोणे एके काळी डेव्हिड रहाबी नावाचा परदेशी ज्यू कोकणात आला. हे लोक खरंच आपले का, हे बघायला त्यानं बायकांपुढे सगळ्या प्रकारची मासळी ठेवली आणि शिजवा म्हणाला. बायकांनी बिनपरांची, बिनखवल्यांची मासळी बाजूला काढली आणि रहाबीची खात्री पटली. आता, ज्या समाजाची ओळखच मासळीच्या टोपलीपाशी पटली, त्यातली बाई दारात मला मटणाचं विचारणार नाही तर काय वेदान्त विचारणार?

माझ्या हातून त्या घरात एकच गुन्हा घडला. दुधाच्या खिरीचा डाव मी मटणाच्या रश्शात घातला. स्वयंपाकघरात क्षणभर अशी शांतता पसरली की मला वाटलं कोणी गेलं. रस्सा तर गेलाच, आमच्या घरी गेला. डावाला २४ तास सक्तीची विश्रांती मिळाली आणि दुसऱ्या दिवशी उकळत्या पाण्यात आंघोळ. मला शिक्षा झाली चिकाच्या हलव्याची.

रोश हशाना, म्हणजे त्यांचं नवं वर्ष, या हलव्याशिवाय लागत नाही. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून गाळून चीक काढायचा. मग तो चीक, साखर आणि (ओळखलंत) नारळाचं दूध पितळेच्या पातेल्यात, मंद आचेवर. आणि हलवायचं. थांबलात की तळाला लागलं. पहिला अर्धा तास ते पातळच असतं, तुमची फसवणूक झाली असं वाटतं. मग एकाएकी जड होतं, चिखलातून पाय काढावा तसं उलथनं निघतं, मोठमोठे बुडबुडे फुटतात आणि मनगटावर चटके बसतात. तास उलटल्यावर कडेनं नारळाचं तेल सुटू लागतं आणि गोळा पातेलं सोडतो. मावशी मागे खुर्चीवर बसून वेलची सोलत होत्या. “खांद्यातून हलव, मनगटातून नको,” एवढंच मार्गदर्शन. वड्या पाडल्यावर मला पहिली मिळाली. गुलाबी, पारदर्शक, दाताला जरा चिवट. सोबत चहा मागितला. “मटण किती वाजता खाल्लंस?”

बाबा इस्पितळात होते तेव्हाची गोष्ट मला फार उशिरा कळली. ते घरी आल्यावर चार दिवसांनी मावशींनी सगळ्यांना बोलावलं. मोठ्या ताटात भिजवलेल्या पोह्यांचा ढीग, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, बदाम-पिस्ते, भोवती केळी, सफरचंदं, खजूर, वर गुलाबाचं फूल. मलिदा. प्रार्थनेला लागतात ते दहा पुरुष जमवले होते, हिब्रूत प्रार्थना झाली. मधूनमधून प्रेषित एलियाहूचं नाव तेवढं मला कळत होतं. कुणाचा वाढदिवस आहे का, असं मी विचारलं. त्यांच्या मुलानं हळूच सांगितलं, आईनं तुझ्या बाबांसाठी नवस बोलला होता. बाबा कट्टर दत्तभक्त. दोनदा मागून घेऊन खाल्ला त्यांनी मलिदा. मावशींनी त्यांना विचारलं नाही, मटण खाल्लंय का म्हणून. मलिद्यात दूध नसतंच म्हणा.

दोन वर्षांपूर्वी मावशी मुलाकडे इस्रायलला, अश्दोदला गेल्या. इथं दहा पुरुष जमवायला हल्ली फोन फिरवावे लागतात, मुलाचं म्हणणं. आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल येतो. परवा दुकानातूनच लावला होता. फ्रीजच्या कपाटांपुढे उभ्या होत्या, एकेक डबा कॅमेऱ्यापुढे धरत. “हे बघ, क्रीम, पण दुधाचं नाही. मटणावर चालतं. सगळ्यावर शिक्का मारलेला. इथं सगळं आधीच कोशर करून ठेवलंय रे.”

मी म्हटलं, “मग चांगलंच की, मावशी.”

त्या थोडं थांबल्या. डबा जागेवर ठेवला. “सून म्हणते, नारळ कशाला फोडत बसता?” मग आवाज चढवून, “जेवलास? काय होतं?”

रविवार होता. खोटं बोलावंसं वाटलं नाही. त्यांनी विचारायच्या आत वेळही सांगितली.

इथून जाताना त्यांनी मला दोन कप दिले आहेत, दुधाचे, निळ्या फुलांचे. बाकीची भांडी कुणाकुणाला वाटली. ते कप मी फडताळात वेगळे ठेवतो. रविवारी दुपारी काळा चहा पितो, स्टीलच्या पेल्यातून. दुधाचा करतो साडेसातला.