सुट्टं इंग्रजी

एकतीस वर्षं मी मुलांना शेक्सपिअर शिकवला. दुकानातून अर्धा डझन केळी कशी मागायची, हे त्यांतल्या एकानंही मला कधी विचारलं नाही. त्यामुळे आपलं इंग्रजी उत्तम आहे, हा माझा समज निवृत्तीपर्यंत शाबूत राहिला.

आता सोसायटीच्या हॉलमध्ये, अमेरिकेत मुलाबाळांकडे सहा महिने निघालेल्या आईवडिलांचा वर्ग मी फुकट घेतो. फुकट म्हणजे चहा त्यांचा, मोठेपणा माझा. या मंडळींचं इंग्रजी पाचवीत सुरू झालेलं. पहिलीपासून ते आलं 2000 साली, म्हणजे यांच्याच काय, यांच्या पोरांच्याही नंतर. ॲक्टिव्हचं पॅसिव्ह हे झोपेतसुद्धा करतील. पण 'बर्फ नको' म्हणायची वेळ आली की घाम फुटतो.

म्हणून वर्गात आम्ही दुकान मांडतो; कॅरमबोर्ड हे आमचं काउंटर. 2012चा 'इंग्लिश विंग्लिश' सगळ्यांनी पाहिलेला, त्यामुळे प्रत्येकीला श्रीदेवी व्हायचं असतं आणि कॉफीच्या दुकानातली ती खेकसणारी बाई माझ्या वाट्याला येते. ती मला फार छान जमते, असं घरचं मत आहे. एकदा गल्ल्यावर एसटीतून निवृत्त झालेल्या कंडक्टर काकांना बसवलं. गिऱ्हाइकानं 'व्यापार' खेळातली नोट पुढं केली. काकांनी ती उजेडात धरली, कानामागची पेन्सिल काढली, बिलाच्या पाठीवर बाकी लिहिली आणि म्हणाले, "नो चेंज. टेक व्हेन गेट डाउन." हे वाक्य मी दुरुस्त केलं नाही. त्यात एक अधिकार होता, जो माझ्या इंग्रजीत कधीच आला नाही.

गाडी अडते ती 'प्लीज'वर. आता या विषयावर मला बोलू द्या; वर्गातही कुणी अडवू शकलेलं नाही. मराठीत 'प्लीज' नाही, असं हल्ली नाक वर करून सांगतात. अहो, आमचं प्लीज क्रियापदाच्या शेपटीत असतं! 'दे', 'द्या', 'द्या ना', 'देता का', 'द्याल का जरा'... एकेक पायरी उतरत माणूस नम्र होत जातो. त्यातला 'जरा' म्हणजे तर हुकमाचा एक्का. 'जरा पाणी द्या' म्हणणाऱ्याला तांब्याभर हवं असतं आणि 'जरा बसतो' म्हणणारा जेवूनच उठतो. 'कृपया' आहे, पण तो पाटीवर राहतो आणि त्याच्या शेजारी बहुधा थुंकण्याचा विषय असतो. 'धन्यवाद' आभारप्रदर्शनापुरता, तोही माइक चालू असेल तर. भाजीवालीला 'धन्यवाद' म्हणून पाहा, ती आपण दिलेले पैसे पुन्हा मोजून घेईल. अशा भाषेत वाढलेल्या माणसांना मी सांगतो, वाक्याला प्लीज चिकटवा, नाहीतर उद्धट ठराल. मग ते 'वॉटर' म्हणून चार पावलं जातात आणि देवळाबाहेर चप्पल विसरल्यासारखे परत येऊन 'प्लीज' म्हणतात.

मला खरा राग येतो तो पोरांचा. "आई, तू बोलू नकोस, मी सांगतो." एक काकू म्हणाल्या, मागच्या खेपेला न्यू जर्सीत सहा महिने त्या दुकानात ट्रॉलीमागं नुसत्या उभ्या होत्या. चाळीस वर्षं मंडईत ज्या बाईच्या पिशवीत कुजकी मेथी सारायची कुणाची छाती झाली नाही, ती बाई! "सर, ते संभाषण वगैरे राहू द्या. एक वस्तू मला एकटीनं विकत आणायचीय."

मी चष्मा पुसत राहिलो. न्यू जर्सीतच सँडविचच्या दुकानात पोरीनं मला 'फॉर हिअर ऑर टु गो?' असं विचारलं होतं. माझ्या कानाला तो एकच अगम्य शब्द वाटला. मी म्हणालो, येस. तिनं पुन्हा विचारलं. मी अधिक ठामपणे म्हणालो, येस. मागून चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुम्ही थांबा." हे वर्गाला मी अजून सांगितलेलं नाही.

काकूंची तयारी मात्र जातीनं करून घेतली. दहा सेंटचं डाइम पाच सेंटच्या निकलपेक्षा लहान, आणि त्यावर दहाचा आकडाच नाही. "म्हणजे धाकटी जाऊ जास्त वजनदार," काकूंनी खूणगाठ बांधली. आपल्या एमआरपीत कर धरलेला असतो, तिथं तो वरून लागतो, न्यू जर्सीत 6.625 टक्के, हेही पाठ झालं. वस्तू ठरली कोथिंबीर. 'कोरिअँडर' हा शब्द, शेवटचा 'र' गिळून, माझ्या खास ब्रिटिश ढंगात मी त्यांच्याकडून पन्नासदा घोटून घेतला.

त्या गेल्या आणि तीन आठवड्यांनी व्हॉट्सॲपवर पावतीचा फोटो आला. एकच वस्तू : सिलँट्रो. खाली मेसेज होता, 'सर, कोरिअँडर कुणाला कळलं नाही. शेवटी घरून पुडीत नेलेलं वाळकं पान चुरगळून वास दिला. टॅक्स लागला नाही, भाजीला नसतो म्हणे. बाकीच्यांना सांगून ठेवा.'

मी 'अभिनंदन' लिहीत होतो, तेवढ्यात दुसरा आला.

'वर दोन मिरच्या मागितल्या. प्लीजसुद्धा म्हटलं. तरी दिल्या नाहीत.'