‘पिंजरा’ बघायचा कसा? परभणीकर नवशिक्यांसाठी

‘बनी तो बनी, नाहीतर परभणी’ ही म्हण आपण बाहेरच्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे, की हल्ली समोरच्याने तोंड उघडायच्या आत आपणच म्हणून मोकळे होतो. जुना सिनेमा बघायला शिकताना हा स्वभाव फार उपयोगी पडतो. आधीच कमीपणा घेऊन बसलेल्या माणसाला चार गोष्टी सांगता येतात.

ही मार्गदर्शिका तिशीच्या आतल्या मंडळींसाठी आहे. ‘पिंजरा’ची गाणी यांनी वरातीत बँडवर ऐकली आहेत, गॅदरिंगला कुणाला तरी त्यावर नाचताना पाहिलं आहे, मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचे तुकडे पाहिले आहेत. सिनेमा मात्र पाट्यांपासून शेवटापर्यंत पाहिलेला नाही. विचारलं तर म्हणतात, ‘टीव्हीला लागला होता की.’ लागला होता, खरं आहे. तुम्ही तेव्हा जेवत होता.

साहित्य

एक : सिनेमाची नीट केलेली प्रत. व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ १९७२ चा. मार्च २०१६ मध्ये तो डिजिटल तंत्राने साफसूफ होऊन पुन्हा थिएटरांत लागला. आपल्याला ती प्रत हवी. भाच्याने पेन ड्राइव्हवर आणून दिलेली, खालच्या कोपऱ्यात कुठल्या तरी चॅनलचं बोधचिन्ह असलेली नको.

दोन : बरा स्पीकर. टीव्हीचा अंगचा आवाज बातम्यांना पुरतो, ढोलकीला पुरत नाही. म्हणून गल्लीतल्या डीजेवाल्याकडे जाऊ नका. त्याच्या खोक्यांतून फक्त छाती हलते, कानाला काही मिळत नाही.

तीन : रात्र. मे महिन्यात परभणीत दुपारी कूलरशिवाय बसवत नाही, आणि कूलरच्या घरघरीत पहिला बळी जातो तो तुणतुण्याचा. जेवणं उरकल्यावर, कूलर बंद करून, अंगणाकडचं दार उघडं ठेवून बसा. थोडा घाम येईल. तमाशाच्या फडातल्या लोकांनाही यायचा.

चार : घरातलं एक जुनं माणूस. या साहित्याशिवाय सुरुवातच करू नका. आपल्याकडच्या सत्तरीच्या पुढच्या माणसासमोर नुसतं ‘बहात्तर’ म्हणा. त्याला आधी दुष्काळ आठवतो, मग खडी फोडायची कामं, मग सुकडी, आणि मग ‘पिंजरा’. एकाच सालाच्या पोटात या सगळ्या गोष्टी कशा मावल्या हे त्याच्याकडून ऐकण्यासारखं असतं. तोटा एवढाच, की प्रत्येक गाण्याच्या आधी तो ‘आता बघ, आता बघ’ म्हणेल आणि गाणं सुरू झालं की स्वतःच गाईल. पहिलं गाणं सोडून द्या. दुसऱ्याला हातात चहा द्या.

आधी प्रत पारखा

नीट केलेली प्रत म्हणजे काय, हे समजून घेतल्याशिवाय तिचं कौतुक करू नये. लोक उगाच ‘एकदम एचडी’ म्हणतात. फिल्मवर सेकंदाला २४ चित्रं असतात. मिनिटाला १४४० झाली. अडीच तासांच्या सिनेमात दोन लाखांच्या वर. त्या प्रत्येकावर ओरखडा, धूळ, बुरशी, चिकटवलेल्या जोडाची खूण असू शकते, आणि ती काढायला शेवटी माणूस बसतो. यंत्र मदत करतं, पण यंत्राला ओरखडा कुठला आणि नाचणारीच्या केसांची बट कुठली, हे दर वेळी कळेलच असं नाही.

रंगाची भानगड वेगळी. त्या काळच्या रंगीत प्रिंटांतला निळसर रंग आधी उडतो, मग सगळं चित्र गुलाबी-तांबूस दिसायला लागतं. आपल्यापैकी पुष्कळांना वाटतं की जुन्या सिनेमात माणसं तशीच दिसायची. नाही हो. हिरवं नऊवार तेव्हाही हिरवंच होतं.

पण खरी परीक्षा आवाजाची. जुन्या फिल्मच्या कडेला आवाजाची पट्टी असते. ती झिजली, मळली की खरखर येते. ही खरखर काढताना हात जड झाला, तर तिच्यासोबत घुंगरांची किणकिण आणि मंजिरीचं टोकही जातं, कारण ते सगळं वरच्या पट्टीतच राहतं. तेव्हा प्रत कशी साधली आहे हे बघायचं तर चेहऱ्यावरची चकाकी बघू नका. नाच थांबल्यावर पाय आपटतो त्या क्षणी शेवटचं घुंगरू ऐकू येतं का, ते बघा. येत असेल, तर काम करणाऱ्याला फडाची जाण होती असं समजा. खरखर थोडी उरली असेल तर उरू द्या.

आता कान

इथे घाई करू नका. जेवणातलं वरण पटकन वाढावं, पुरणपोळी नाही.

संगीत राम कदम यांचं. ते मिरजेचे, म्हणजे जिथल्या सतारी आणि तंबोरे देशभर जातात त्या गावचे. गाणी जगदीश खेबुडकरांची. नवशिक्याने वहीत लिहून ठेवावी अशी गोष्ट ही, की खेबुडकर पेशाने शाळामास्तर होते. लावणीच्या नादाने एक आदर्श शाळामास्तर धुळीला मिळतो, ही या सिनेमाची गोष्ट. आणि त्याला धुळीला मिळवणाऱ्या लावण्या लिहिल्या दुसऱ्या एका शाळामास्तराने. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळांतून हे अजून कुणी धडा म्हणून लावलेलं नाही.

बाईचा आवाज मुख्यतः उषा मंगेशकरांचा. एक गोष्ट निवडून ऐका : कडव्याच्या शेवटी शब्द कसा सोडला आहे. लावणीत शब्द टाकायचा नसतो, समोरच्याच्या हातात द्यायचा असतो आणि तो पकडायच्या आत काढूनही घ्यायचा असतो. उषाताई हे नुसत्या आवाजात करतात. मग पडद्यावर संध्याबाई तेच डोळ्यांनी, मानेने, पदराने, खांद्याने पुन्हा करतात. माझं मत विचाराल तर थोडं जास्तच करतात. ‘नवरंग’पासूनची ती त्यांची तऱ्हा आहे आणि काहींना तीच प्रिय आहे. मी नाचाच्या वेळी अधूनमधून डोळे मिटतो. घरातल्या जुन्या माणसाला हे सांगू नका.

पुरुष आवाजात विष्णू वाघमारे ऐका. हा गळा ध्वनिमुद्रणाच्या थंडगार खोलीत जन्मलेला वाटत नाही. गर्दीच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची सवय असलेल्या गळ्यासारखा तो फेक घेतो, आणि मास्तरच्या दैवाने त्याची केलेली चेष्टा याच आवाजात येते तेव्हा सिनेमा एकदम दोन बोटं खोल जातो.

आता साथ. पहिल्या वेळी गाणं ऐका. दुसऱ्या वेळी नुसती ढोलकी : तिचं एक तोंड बोलतं, दुसरं गुरगुरतं, आणि नाचणारीच्या पायाने प्रश्न टाकला की उत्तर कुठल्या तोंडाने आलं ते ओळखा. तिसऱ्या वेळी तुणतुणं. एकाच तारेवर रात्रभर एकच सूर धरायचा, हे काम बघणाऱ्याला सोपं आणि करणाऱ्याला जन्माचं असतं. चौथ्या वेळी झीलकरी, म्हणजे मुख्य गाणाऱ्याची ओळ संपते तिथे ती उंच उचलून धरणारे मागचे लोक. ते नसतील तर लावणी मध्येच बसकण मारते. जाहिरातीवर त्यांची नावं कधी नसतात.

इतकं झालं की घरचे म्हणतील, ‘एकच गाणं किती वेळ बघायलास?’ उत्तर देऊ नका.

गोष्ट थोडक्यात

शेवट सांगू नये असा नियम आहे. पण परभणीत शेजारचा सांगतोच, म्हणून मीच सांगतो. गावाला सुधारणारे मास्तर तमाशाचा फड गावाबाहेर, नदीपलीकडे काढतात. फडातली चंद्रकला, म्हणजे संध्याबाई, त्यांना नादाला लावते. पुढे एका खुनाच्या गोंधळात गावाला वाटतं, मेले ते मास्तरच. गाव त्यांचा पुतळा उभा करतं, आणि खरे मास्तर फडाच्या मागे भणंगासारखे हिंडत राहतात. शेवटी मास्तरच्याच खुनासाठी मास्तरला शिक्षा होते, आणि गावाच्या मनातला आदर्श जगावा म्हणून ते ती घेतात.

बीज जर्मन आहे. हाइनरिश मान यांची १९०५ ची कादंबरी, तिच्यावर १९३० चा ‘द ब्ल्यू एंजल’, त्यात मार्लेन डीट्रिश. तिकडचा प्राध्यापक संपतो तो संपतोच. पुतळा आपल्याकडे घातला गेला, आणि माझ्या मते मूळ गोष्टीला ती मराठी माणसाने घातलेली सर्वांत उपयोगी भर आहे. माणूस मेल्यावर त्याचं काय करायचं, याची आपल्याइतकी चोख व्यवस्था कुणाकडे नाही.

मास्तर झाले डॉ. श्रीराम लागू. कान-नाक-घशाचे डॉक्टर, नुकतेच रंगभूमीवर ‘नटसम्राट’ उभे करून आलेले, मराठी पडद्याला नवे. निळू फुले फडात आहेतच. संवाद शंकर पाटलांचे. त्यामुळे खेड्यातली माणसं खेड्यातल्यासारखी बोलतात. उत्तरार्धात शांताराम यांचा उपदेश अंगावर येतो, तेवढा सोसा. गंमत अशी, की तमाशाच्या नादाचे दुष्परिणाम दाखवायला निघालेल्या माणसाने संगीत इतकं चांगलं करून घेतलं, की आपण मास्तरच्या बाजूने उभे राहूच शकत नाही. पहिली ढोलकी वाजली की आपणही त्यांच्यासारखेच नदीपलीकडे गेलेले असतो.

नेहमीच्या शंका

‘गाणी पुढे ढकलून बघितला तर चालेल का?’ चालेल. नारळातलं पाणी आणि खोबरं काढून घेऊन करवंटी बघितली तरी चालतं.

‘पोरांना दाखवावा का?’ पोरांनी याहून बरंच काही पाहिलेलं आहे. ढोलकी मात्र पाहिलेली नाही.

‘एवढं ऐकून खरी ढोलकी कुठे ऐकायची?’ मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते. जिल्हा नांदेड असला तरी पालम-गंगाखेडकडून लांब नाही. तिथे फड येतात. तंबूच्या मागच्या बाजूला उभे राहिलात तर तुणतुणंही ऐकू येईल.

शेवटची सूचना जुन्या टॉकीजवाल्यांच्या आणि तंबूतल्या सिनेमावाल्यांच्या घरच्यांना. प्रत कुठे तरी शिल्लक असेल तरच ती साफ करता येते. २००३ च्या जानेवारीत पुण्यात जुन्या नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागली आणि ‘प्रभात’च्या काळातली रिळं गेली, बाकीची कितीतरी कुठल्याही आगीविना, भंगारात किलोवर गेली. सेलू, मानवत, जिंतूर, पूर्णा, कुठेही एखाद्या माळ्यावर गंजलेले पत्र्याचे गोल डबे असतील, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. डबे उन्हात ठेवू नका, घरी उघडून पुसू नका, आणि आतून आंबट वास येत असेल तर घाई करा.