चार वाजताचे भाऊ

देवरीत दुपारी चारला कुणाला भाऊंशी काम निघालं तर तो त्यांच्या घरी जात नाही. घरी गेलाच तर वहिनी दारातूनच सांगतात, "रेस्टहाऊसवर गेले." सूर असा की माणूस ड्युटीवर गेला आहे.

भाऊ फार वर्षांपूर्वी एकदा पंचायत समितीचे सदस्य होते. सदस्यपद पाच वर्षांत संपलं, पण 'माजी' या पदाला मुदत नसते. या पदाला कार्यालय, शिपाई, गाडी काहीच मिळत नाही, ही व्यवस्थेतली त्रुटी भाऊंनी शासकीय विश्रामगृहाच्या व्हरांड्यात स्वतःपुरती दुरुस्त करून घेतली. तिथल्या खोलीत ते एक रात्रही झोपलेले नाहीत. रजिस्टरात त्यांचं नाव सापडणार नाही. त्यांची फक्त वेताची एक खुर्ची, आणि तिच्यावर बसायची चारची वेळ.

बरोबर चारला खानसामा ट्रे घेऊन येतो. ट्रेवर ऑइलपेंटने 'सा. बां. वि.' लिहिलंय, त्यातला 'वि' अर्धा पुसलेला. किटली वेगळी, दूध वेगळं, साखर वेगळी. यालाच सेपरेट चाय म्हणतात. बाजूला बशीत चार मारी बिस्किटं. भाऊ आधी किटलीचं झाकण उचलून आत बघतात, जणू पुलाच्या कामाची पाहणी चालली आहे. मग दूध ओततात, चार चमचे साखर घालतात, ढवळतात, आणि या सगळ्या साहेबी सरंजामाची चाय शेवटी बशीत ओतून, फुंकर मारून, असा फुरका ओढतात की कडुलिंबावरचा कावळा मान वळवतो.

एवढ्यात फोन वाजतो. "हो, रेस्टहाऊसवर आहो. मीटिंग चालू आहे." मीटिंगला मी आणि कावळा.

इमारत किती जुनी, हे समोर कोण बसलंय त्यावर ठरतं. गावातल्या माणसाला सांगताना ती इंग्रजांच्या काळातली असते, नागपूरच्या पाहुण्याला सांगताना भोसल्यांच्या. "गुरुजी, याच व्हरांड्यात लाटसाहेब चाय पिऊन गेले."

"कोणते लाटसाहेब?"

"सारेच."

मी शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे गप्प बसवत नाही. म्हटलं, भाऊ, 1861 साली मध्य प्रांत झाला तेव्हा इथला कारभार नागपूरहून चीफ कमिशनर पाहायचा. 1956 पर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो, मग मुंबई राज्यात गेलो, 1960 ला महाराष्ट्रात आलो. 1 मे 1999 ला भंडाऱ्यातून फुटून गोंदियात पडलो. भाऊंनी सगळं शांतपणे ऐकलं. "म्हणजे राज्य तीनदा बदललं, जिल्हा एकदा बदलला. चायची वेळ बदलली काय?"

मग मीही चिडून विलायतेचं सांगितलं. तिकडे जुन्या सरदारांच्या गढ्यांची हॉटेलं झाली आहेत. दुपारचा चहा प्यायला आठ-आठ दिवस आधी टेबल राखावं लागतं. तीन मजली थाळी येते, तिच्यात काकडी घातलेले पावाचे तुकडे, स्कोन नावाची बिस्किटाची जाडी बहीण, साय, मुरांबा. स्कोनवर आधी साय लावायची की आधी मुरांबा, यावरून डेव्हन आणि कॉर्नवॉल या दोन परगण्यांत वाद आहे. 1840 च्या सुमारास बेडफर्डच्या ॲना नावाच्या डचेसबाईंना रात्रीच्या जेवणापर्यंत भूक आवरेना, तिथून ही रीत पडली असं म्हणतात.

भाऊंनी बशी खाली ठेवली. "पावात काकडी? बाईला उपास होता काय जी?" आणि थोड्या वेळाने, खऱ्या काळजीने, "आणि चायसाठी बुकिंग? मग माणूस सहज कसा जाईन?"

सहज जाणं ही त्यांची विद्या आहे. फाटकातून पांढरी गाडी आत आली की दुसरा कुणी उठून पळेल. भाऊ उठतात आणि पुढे होतात. "या साहेब, बसा. चाय सांगतो." रायपूर हायवेवरच्या धुळीने त्रासलेला अधिकारी बसतो. नवीन बदलून आलेला असेल तर पहिला आठवडा भाऊंना 'सर' म्हणतो. दुसऱ्या आठवड्यात त्याला कळतं, पण तोवर चार कप झालेले असतात, आणि चहा प्यालेल्या माणसाला खुर्चीवरून उठा म्हणणं आपल्याकडे कुणाला जमत नाही.

सरकारच्या पैशाने हा माणूस वर्षानुवर्षं चहा पितो, असं मी कित्येक वर्षं मनात धरून होतो. एकदा त्यांनी मला स्कूटरच्या डिकीतून चष्मा आणायला पाठवलं. चष्म्याखाली अर्ध्या लिटरचं दुधाचं पाकीट, चायपत्तीचा पुडा, पुरचुंडीत साखर आणि मारीचा पुडा. सरकारी होता तो फक्त ट्रे. लाटसाहेबांपासून आजवरचा सगळा दरबार वहिनींच्या स्वयंपाकघरातून चालत होता. मी चष्मा दिला, काही बोललो नाही. त्या दिवशी दुसरा कप मात्र नको म्हटला. भाऊंना वाटलं, मला साखर निघाली.

निवडणुकीची आचारसंहिता हा त्यांचा चातुर्मास. विश्रामगृहात राजकीय बैठक चालत नाही, आणि आपण नुसते बसलो तरी ती राजकीय बैठकच होते, अशी भाऊंची स्वतःबद्दल प्रामाणिक समजूत आहे. तेवढे दिवस ते फाटकासमोरच्या टपरीवर बसतात, तोंड व्हरांड्याकडे करून. मागच्या खेपेला खानसाम्याला राहवलं नाही. चारला तो कुंपणाच्या भिंतीपाशी आला आणि वरून त्यांची नेहमीची कपबशी पुढे केली. "भाऊ, याच्यात तरी घ्या."

भाऊंचा हात पुढे गेला होता. तेवढ्यात रस्त्यावरून प्रचाराचा ऑटो गेला. कुण्या अपक्षाला कपबशी हे चिन्ह मिळालं होतं.

"आत ने! आत ने बे!" भाऊ हात झटकत ओरडले. "भर चौकात प्रचार करवतो काय माह्याकडून?"

आणि कागदी कपातली चाय बशीशिवाय कशी प्यावी, याचा विचार करत बसले.