उद्यापासून नक्की: नवशिक्यांसाठी

स्वतःला मानवेल अशी कामाची सवय शोधणं हे पूर्णवेळ काम आहे. नीट केलंत तर दुसऱ्या कुठल्याच कामाला वेळ उरत नाही, हाच त्याचा मुख्य फायदा. मी सहा वर्षं हेच करतोय, त्यामुळं सल्ला द्यायचा अधिकार मला आहे.

१. वही घ्या. सोलापूरच्या नवी पेठेत जा, पण पहिल्याच दुकानात भुलू नका. चार दुकानं हिंडा. चार रंगांची पेनंही लागतील. घरी येऊन पहिल्या पानावर ‘वेळापत्रक’ लिहा, खाली पट्टीनं दोन रेघा मारा. आज एवढंच. दमला असाल.

२. पहाटे पाचला उठा. पाच ते सहा ध्यान, असं सगळी पुस्तकं सांगतात. सोलापुरात मात्र पुस्तकाआधी नळाला विचारायचं असतं. पाणी येणार चार-पाच दिवसांआड, आणि येणार नेमकं तुम्ही डोळे मिटून बसलात की. उजनी धरण काठोकाठ भरलेलं असो नाहीतर तळाला गेलेलं, आपल्याला फरक पडत नाही. नळ फुसफुसला की उठा, मोटर लावा. पिंप, हौद, घागरी, शेवटी कुकरसुद्धा भरून ठेवा. ध्यान वहीत ‘झाले’ म्हणून टाका.

३. टोमॅटोपद्धत वापरा. १९८०च्या दशकाच्या शेवटी फ्रान्सेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याचं अभ्यासात लक्ष लागेना, म्हणून त्यानं स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ समोर ठेवलं. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं आराम. त्यानं मे महिन्यातली सोलापूरची दुपार पाहिली नव्हती. पारा बेचाळीसच्या वर गेला की आकडे उलटे करा: पाच मिनिटं काम, पंचवीस मिनिटं पंख्याखाली. लाइट गेली तर पाच मिनिटंही माफ.

४. ‘सकाळी आधी बेडूक खा’, म्हणजे अवघड काम पहिलं उरका, असं ब्रायन ट्रेसी म्हणतो. कडक भाकरी आणि शेंगाचटणी समोर असताना बेडूक कोण खातो? धडा वगळा.

५. सुरुवातीला मुहूर्त बघा. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते, तेव्हा नको. मग हुरडा. मग ऊन. पाऊस पडला की बघू.

६. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारू नका. ते गिरण्यांच्या काळातले. जुनी गिरण १८७७ची. पुढं शहरात आणखी गिरण्या आल्या आणि भोंगा वाजला की अर्धं सोलापूर डबा घेऊन चालू लागायचं. तुम्हाला कुठली पाळी मानवते, असं त्या भोंग्यानं कुणाला विचारलं नाही. अशा माणसांना आपली अडचण कशी कळणार?

७. हा सल्ला सगळ्यात महत्त्वाचा. आमच्या समोरच्या अक्का विड्या वळतात. उंबऱ्यात मांडीवर सूप, सुपात भिजवून कापलेली तेंदूची पानं आणि तंबाखू. चिमूट भरायची, पान गुंडाळायचं, टोक दाबायचं, दोरा मारायचा. बोटांकडं त्या बघतसुद्धा नाहीत, बघतात माझ्याकडं. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. कट्टा बांधून झाला की घोटभर पाणी, पुन्हा पान. मजुरी हजारावर, आणि कारखान्यात छाट निघाली तर ती विडी हिशोबातून गेली.

परवा त्यांनी विचारलं, “काय करलालाव ओ सकाळपासून?”

“वेळेचं नियोजन.”

“बरं,” म्हणाल्या आणि दोरा तोडला. त्या दिवशी माझी दुसरी रेघ मारून होईपर्यंत त्यांचे चार कट्टे झाले होते.

तेव्हा वही घेऊन बसायला खोली निवडाल, तर मागच्या खिडकीची निवडा.